मोजणीत एक कमी

बाबांनी ऑक्सिजनच्या मशीनचं नाव ‘जावईबापू’ ठेवलं होतं. कोपऱ्यात बसून राहतो, दिवसभर घरघरतो, विजेचं बिल वाढवतो आणि त्याला ‘आता निघा’ म्हणायची कोणाची टाप नाही, असं त्यांचं म्हणणं. मला बहीण नाही, त्यामुळे हा आमच्या घरातला पहिला जावई. भाड्याने आणलेलं ते मशीन मुलुंड पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत पाच महिने होतं. बाबा हे पहिल्यांदा बोलले तेव्हा आई तोंडाला पदर लावून हसली, माझी मुलगी तर जमिनीवर लोळली. मी म्हणालो, “बाबा, बोलू नका. दम लागतो.”

हे वाक्य मी त्या पाच महिन्यांत किती वेळा उच्चारलं, कोणासाठी उच्चारलं, याचा हिशेब मला मांडायचा आहे. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं हे खरं. बाबांच्या फुफ्फुसांची ताकद संपत आली होती, दोन वाक्यांनंतर त्यांचे ओठ निळसर पडायचे, हेही खरं. पण शेजारचे काका येऊन नातवाच्या ॲडमिशनबद्दल पाऊण तास विचारत बसले आणि बाबा त्यांना उत्तरं देत राहिले, तेव्हा मी काही बोललो नाही. गावच्या जमिनीच्या सातबाऱ्याबद्दल मीच त्यांना तासभर बोलतं केलं. त्यांचा दम मला आठवायचा तो ते हसवायला लागले की. म्हणजे माझं वाक्य खोटं नव्हतं, पण त्याचं कारण वेगळं होतं. मरण घरात आलं आहे आणि हा माणूस थट्टा करतो आहे, हे मला सोसत नव्हतं. आजारी माणसाच्या घराने गंभीर असावं, अशी माझी समजूत होती, आणि ती मी त्यांच्यावर लादली.

ही गोष्ट माझ्या ध्यानात घरात आली नाही, कामात आली. मी मोबाइलवरच्या गोष्टीरूप खेळांचे संवाद लिहितो. अंधेरीला चकाल्यात एक लहानसा स्टुडिओ आहे, तिथे. सकाळी मुलुंडहून स्लो लोकल, घाटकोपरला उतरून मेट्रो. २०१४ च्या जूनमध्ये ही मेट्रो सुरू झाली तेव्हापासून माझं निम्मं लिखाण या प्रवासातच होतं. आमचा एक खेळ तीन भागांचा होता. नदीकाठचं गाव, वर्षागणिक वाढत जाणारा पूर, आणि लोकांना पैलतीरी नेणारा एक म्हातारा होडीवाला. खेळणाऱ्याने गावातल्या एका मुलीच्या नजरेने हे सगळं बघायचं.

होडीवाला दर खेपेला होडीतली माणसं मोजतो आणि दर वेळी त्याच्या मोजणीत एक कमी भरतो. तो घाबरतो, पाण्यात वाकून बघतो, नसलेल्या माणसाला हाका मारतो. शेवटी मुलगी सांगते, “आजोबा, तुम्ही स्वतःला मोजलंच नाहीत.” नदी ओलांडणाऱ्या दहा मूर्खांची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात, ज्याला शोधतोस तो दहावा तूच, हे समजवायला वेदान्तीही याच गोष्टीचा दृष्टान्त देतात. मी मात्र ती कुठल्या ग्रंथातून घेतली नव्हती. बाबा एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात फिटर होते. वर्षातून एकदा ते बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना बोरिवलीच्या नॅशनल पार्कात न्यायचे. वनराणीच्या छोट्या गाडीत बसून झालं, कान्हेरीची लेणी चढून झाली, की परतीच्या बसमध्ये दारापाशी उभे राहून आम्हाला मोजायचे. “एक कमी! कोण राहिलं रे वाघाच्या पिंजऱ्यात?” त्यांचा चेहरा असा पडायचा की लहान पोरं खरोखर रडकुंडीला यायची, आणि मोठी पोरं एका सुरात ओरडायची, “काका, तुम्ही!”

पहिल्या दोन भागांत खेळणाऱ्यांनी या होडीवाल्याला जीव लावला. तिसऱ्या भागात तो मरणार हे आमचं सुरुवातीपासून ठरलं होतं.

तिसरा भाग लिहायची वेळ आली ती बाबा गेल्यानंतर दीड महिन्याने. मी तो झपाटल्यासारखा लिहिला. पहिल्या प्रसंगापासून होडीवाला गप्प. मोजणी नाही, हाका नाहीत. वल्हं मारतो, आकाशाकडे बघतो, कोणी विचारलं तर एका शब्दात उत्तर देतो. पडद्यावरचे रंगही मी राखाडी करायला लावले. शेवटच्या पुरात तो मुलांना वाचवताना वाहून जातो, तेव्हा एक शब्दही नाही, फक्त पाण्याचा आवाज. लिहून झालं तेव्हा मी रडलो, आणि रडू आलं म्हणून मी समजलो की हे चांगलं उतरलं आहे.

आमच्याकडे खेळ तपासणारी एक मुलगी होती, बोरिवलीहून यायची. तिने अख्खा भाग दोन दिवसांत खेळून संपवला. कागदावर चुका लिहून आणल्या: अमुक ठिकाणी पात्र भिंतीत अडकतं, तमुक ठिकाणी संवाद दोनदा वाजतो. मी विचारलं, “आणि शेवट?” ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, “सर, वाईट वाटलं नाही. तो कोण होता ते ओळखूच आलं नाही. आपला होडीवाला दुसऱ्या भागातच गेला होता ना?”

त्या दिवशी घाटकोपरला उतरून मी लोकल पकडली नाही. फलाटाच्या बाकावर बसून राहिलो. तिला काही ठाऊक नव्हतं, पण तिने माझ्या घरातलीच गोष्ट सांगितली होती. माणूस मरायच्या आधी मी त्याला गप्प केलं होतं. एकदा कागदावर, आणि त्याच्या आधी मुलुंडच्या खोलीत.

मन लगेच शरण जात नाही. मी बचाव शोधायला लागलो आणि ते मोठमोठे सापडले. पहिला बचाव महेश एलकुंचवारांचा. मराठीत त्रयी म्हटलं की ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’. १९९४ साली आविष्कारने चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली ही तिन्ही नाटकं सलग केली होती, नऊएक तासांचा प्रयोग. त्यातलं शेवटचं नाटक म्हणजे दुष्काळ, ओसाड पडलेलं गाव आणि सगळं संपत आल्याची जाणीव. मी स्वतःला म्हणालो, त्रयीचा शेवट असा काळोखाचाही असू शकतो, तिथे कोणी हसवाहसवी मागत नाही. मग घरी जाऊन पहिलं नाटक पुन्हा वाचलं. त्यात थकलेली दादी आहे. मुलगा गेला आहे आणि ती त्यालाच हाक मारून किती वाजले ते विचारत राहते. पहिल्यांदा हसू येतं, पुढच्या वेळी ते घशात अडकतं. दारात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरचंही तसंच. युगान्ताचा अंधार या भरलेल्या घराच्या बोलण्यातून, रुसव्यांतून, चेष्टेतून सावकाश उतरत आलेला आहे. नाटककाराने तो दिवे मालवून आणलेला नाही. मी दिवे मालवले होते.

दुसरा बचाव शास्त्राचा. करुण आणि हास्य हे आपल्याकडे विरोधी रस मानले आहेत. एकाशेजारी दुसरा आला की रसभंग होतो. कॉलेजात हे पाठ केलं होतं, तेच पुढे केलं. पण त्याच शास्त्राचं पुढचं वाक्य मी सोयीने विसरलो होतो. एक रस अंगी आणि दुसरा त्याचं अंग झाला, तर विरोध राहत नाही. हसू दुःखाच्या शरीराचा एक अवयव होऊ शकतं. मी तो अवयव कापून टाकला आणि शरीर का जिवंत वाटत नाही म्हणून विचारत बसलो.

तिसरी आठवण मात्र बचावाची नव्हती, आरोपाची होती. २०१२ साली मी ‘मास इफेक्ट’ या खेळाचा तिसरा भाग खेळलो. कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीची ही त्रयी २००७, २०१० आणि २०१२ अशी आली. तिसऱ्या भागात पृथ्वीवर संहार चालू आहे, शेपर्ड नावाचा सेनानी एकेका जमातीला मदतीसाठी गोळा करतो आहे. रात्री बाबा झोपले की हेडफोन लावून मी खेळायचो. त्यांना मध्येच जाग आली तर विचारायचे, “काय रे, वाचली का पृथ्वी?”

त्यात मॉर्डिन सोलस नावाचा एक शास्त्रज्ञ आहे. भराभरा, तुटक बोलणारा. दुसऱ्या भागात तो एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रजी विनोदी संगीतिकेच्या चालीवर स्वतःच्या शास्त्रज्ञपणाचं गाणं म्हणून दाखवतो. ऐकताना हसल्याशिवाय राहवत नाही. एका जमातीची मुलं जन्मालाच येऊ नयेत अशा रोगाची सुधारित आवृत्ती करण्यात पूर्वी याच माणसाचा हात होता. तिसऱ्या भागात तो त्या रोगाचं औषध हवेत सोडायला जळत्या मनोऱ्यावर चढतो. खेळणाऱ्याने त्याला अडवलं नाही, तर तो तिथे एकटा काम करत राहतो, आणि काम करता करता तेच गाणं गुणगुणतो. गाणं पुरं होत नाही, मनोरा फुटतो. त्या रात्री मी हेडफोन काढून बराच वेळ बसून राहिलो होतो. ज्या गाण्यावर आपण हसलो, त्याच गाण्याने रडवलं. हे मला सात वर्षं आधी कोणीतरी करून दाखवलं होतं, आणि तरी मी शिकलो नव्हतो.

त्याहून मोठी चूक त्याच खेळाबद्दलची. शेवट आल्यावर जगभरचे खेळणारे नाराज झाले, तेव्हा कंपनीने २०१२ च्या जूनमध्ये शेवट वाढवून दिला, आणि २०१३ च्या मार्चमध्ये ‘सिटाडेल’ नावाची एक नवी पुरवणी आणली. तिच्यात शेपर्डच्या घरी मेजवानी आहे. जुने सोबती जमतात, नाचतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. आणि ही मेजवानी युद्ध जिंकल्यावरची नाही, शेवटच्या लढाईच्या आधीची आहे. मला तेव्हा ते बाष्कळ वाटलं होतं. जग जळतंय आणि यांना नाच सुचतोय, असं मी मित्रांना तावातावाने सांगितलं होतं. ज्यांना उद्या मरायचं आहे त्यांना आज एकत्र बसून हसावंसं वाटतं, यात बाष्कळ काय होतं? बाबांच्या खाटेशी उभा राहून मी त्यांना जे सांगत होतो, ते मी सहा वर्षं आधीपासून मानत आलो होतो.

आता दुसरी चूक सांगतो, कारण ती लपवली तर हे चिंतन अर्धं राहील. त्या मुलीचं बोलणं लागलं म्हणून मी घाईघाईने सगळं उलटं केलं. तिसरा भाग विनोदाने भरून काढला. होडीवाला पुरात चुटके सांगू लागला. एका प्रसंगात एक लहान मूल बुडतं, त्याच्या आईला किनाऱ्यावर आणताना मी होडीवाल्याच्या तोंडी कोटी घातली. ते वाचताना त्याच मुलीने फोन उलटा करून टेबलावर ठेवला आणि ती काही बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याने मला कळलं की आधीच्या अंधारापेक्षा हे वाईट होतं. त्या आईच्या दुःखाजवळ मला उभं राहता येत नव्हतं म्हणून मी विनोदाच्या आड पळालो होतो. आधी हसू टाळून पळालो, आता हसू वापरून. दोन्ही वेळा भीती माझीच होती, आणि तिची किंमत पात्राने मोजली.

मग मी ‘एकच प्याला’ काढलं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणलं. शंभर वर्षं मराठी प्रेक्षक त्यातल्या तळीरामावर हसत आला आहे. पण तळीरामाचा विनोद कुठून येतो? तो दारूतून येतो. आर्य मदिरा मंडळातली त्याची सगळी हुशार बडबड म्हणजे दारूचं समर्थन आहे, आणि तीच दारू सिंधूचा संसार गिळते. मरायला टेकलेल्या तळीरामाच्या उशाशी वैद्य आणि डॉक्टर भांडतात, तिथेही हसू येतं आणि त्याच वेळी दिसतं की हा माणूस चालला. इथे विनोद दुःखावर पडदा टाकत नाही. ज्या विहिरीतून दुःख येतं, त्याच विहिरीतून तो येतो. माझ्या कोट्या माझ्या होत्या. होडीवाल्याची एकच थट्टा खरी होती, ती मोजणीची, आणि तीच मी परत आणली नव्हती.

तिसऱ्यांदा लिहिलं ते असं. होडीवाला पहिल्या प्रसंगापासून नेहमीसारखा आहे. थकला आहे, खोकतो, पण दर खेपेला मोजतो आणि एक कमी भरतो, आणि मुलगी हसून त्याला आठवण करून देते. बुडालेल्या मुलाच्या आईला आणताना मात्र तो मोजत नाही. तिथे त्याला मोजायचा धीर होत नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. शेवटच्या खेपेला होडीत जागा नाही. मुलं चढतात, तो पाण्यात उतरून दोन्ही हातांनी होडी लोटून देतो. आणि लोटता लोटता मोजतो. एक, दोन, तीन, नऊपर्यंत. या वेळी कोणी कमी नाही. मुलगी त्याला सांगायला तोंड उघडते, आणि तिच्या लक्षात येतं की या वेळी मोजणी बरोबर आहे.

एवढंच. त्यात एकही शोकाचा शब्द नाही. बोरिवलीच्या त्या मुलीने ते खेळलं आणि ती उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. खेळ याच शेवटानिशी लोकांपुढे गेला.

इथे माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण खेळाचं आणि घराचं सारखं नाही. खेळात शेवट चुकला तर तीन महिन्यांनी वाढवून देता येतो, वर्षाने मेजवानीही घालता येते. मी तीन वेळा लिहिलं. बाबांचे शेवटचे पाच महिने एकदाच होते.

तेराव्याला आमच्याकडे गोडाचं जेवण झालं. दुःखाच्या दिवसांचा शेवट गोडाने करावा, हे आपल्या आधीच्या कितीतरी पिढ्यांनी ठरवून ठेवलेलं आहे. त्या पंगतीत बिल्डिंगमधली माणसं बाबांच्या गोष्टी सांगत होती, बसमधल्या मोजणीची गोष्ट तर तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली. सगळे हसत होते, आईसुद्धा. मी वाढणं सोडून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. लोकांना शोक पाळायची रीत राहिली नाही, असं मला वाटलं. शोक त्या पंगतीत होता. गॅलरीत माझा अहंकार उभा होता.

दुसऱ्या दिवशी मशीन न्यायला दुकानातला पोरगा आला. त्याने नळी गुंडाळली, वायर काढली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तो कोपरा रिकामा झाला. तो मशीन घेऊन दाराशी पोचला तेव्हा आई म्हणाली, “जावईबापू निघाले. चहा तरी घ्या म्हणावं.” तिचा आवाज कापत होता आणि ती हसत होती. मी तिच्याकडे रागाने बघून “आई!” म्हणालो. ती गप्प झाली. नंतर कित्येक महिने तिने बाबांची एकही थट्टा माझ्यासमोर काढली नाही. त्या माणसाचा घरात उरलेला आवाज तिच्या तोंडी होता, तोही मी बंद केला.

त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली ती खेळ बाहेर आल्यावर, म्हणजे फार उशिरा. तिला होडीवाल्याचा शेवट मोबाइलवर दाखवला. तिने तो दोनदा बघितला. मग म्हणाली, “ते अगदी असेच मोजायचे.” आणि माझ्या मुलीला हाक मारून तिने तिला नॅशनल पार्कची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.

मी गंभीर माणूस आहे याचा मला अभिमान होता. आज एवढंच म्हणू शकतो की माझ्या गांभीर्याचा मोठा भाग भित्रेपणा होता. तुमच्या घरात कोणी खाटेवर असेल आणि ते थट्टा करत असेल, तर त्याला गप्प करू नका. दम लागत असेल तर पाणी द्या, उशी वर करा, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबा. तुम्हाला हसू येत असेल तर त्याच्यासमोर हसा. त्याला ते दिसलं पाहिजे.